खाऱ्या विहिरीचे भाऊजी

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पाण्याला तोटा नाही. कुठल्याही गावातून कुठल्याही दिशेने चालू लागा, थोड्या वेळात तलावाची पाळ लागते. अशा मुलखात परगावाहून पाणी वाहून आणणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. बरं, ते पाणीही साधंसुधं नाही, खारट. तोंडात घेतलं तर थुंकावं असं. महिन्यातून एकदा ते अकोल्याकडून रेल्वेने नागपूरला यायचं, नागपूरहून एसटीने कोहमाऱ्याला, तिथे गाडी बदलून आमच्या गावी. वीस-वीस लिटरचे दोन कॅन, झाकणावर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीवर सुतळीचे वेढे. आधी कॅन उतरायचे, मग भाऊजी उतरायचे. हा क्रम आमच्या मार्गावरच्या कंडक्टरलाही पाठ झाला होता.

एकदा कोहमाऱ्याच्या नाक्यावर पोलिसांची तपासणी चालू होती. आमच्याकडे कॅनमधून काय जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मोहाच्या दारूचा हंगाम होता आणि सुतळीने बांधलेले दोन कॅन मांडीशी धरून बसलेला माणूस पाहून कुठल्याही शिपायाला जे वाटेल तेच त्यालाही वाटलं. "क्या है इसमें?" त्याने विचारलं. "पाणी," भाऊजी म्हणाले. "कहाँ से ला रहे?" "अकोल्याकडून." शिपाई हसायलाच लागला. नवेगावबांधासारख्या तलावाच्या मुलखात उभं राहून अकोल्याहून पाणी आणलं म्हणून सांगणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. त्याने झाकण उघडायला लावलं, ओंजळीत घेतलं, हुंगलं, आणि वास आला नाही म्हणून मोठ्या उमेदीने घोट घेतला. त्यानंतर तो बराच वेळ थुंकत होता. भाऊजींना मात्र त्याच्या थुंकण्यापेक्षा सांडलेल्या ओंजळीचं दुःख झालं. "अर्धा पेला गेला," ते घरी येऊन ताईला सांगत होते. "प्यायचं नव्हतं तर घेतलं कायले?"

हे भाऊजी नागपूरच्या एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळेतले मदतनीस होते. ताईची नोकरी आमच्याच गावच्या शाळेत, त्यामुळे ती माहेरीच राहायची आणि भाऊजी शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. घरजावई म्हणावं तर आठवड्यातून दीड दिवसाचे. मी राईस मिलवर सुपरवायझर, म्हणजे साळा असून सासुरवाडीतला रिकामा प्रेक्षक. त्यांची थट्टा करण्याचा जन्मसिद्ध हक्क मला होता आणि तो मी मनसोक्त बजावला, हे आधीच कबूल करतो.

त्यांच्या संस्थेत तेव्हा खाऱ्या जमिनीत तगेल असा कापूस तयार करण्याचं काम चालू होतं. खारवट जमिनीत उगवणाऱ्या एका रानझाडाचा गुण काढून कापसाच्या झाडात घालायचा. आम्ही धानवाले लोक; कापूस आम्हाला गादीत भेटतो तेवढाच. पण भाऊजी आईला समजावून सांगायचे, आणि आई तांदूळ निवडता निवडता ऐकायची. "मीठ पाण्याबरोबर आत येणारच, आई. त्याला दारातून हाकलता येत नाही. पण झाडाच्या आत बारीक बारीक कोठ्या असतात. त्या गुणामुळे झाड काय करतं, मीठ कोठीत कोंडतं. मग बाकी घराचं काम सुरळीत." आईने हात थांबवून विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे नको तो पाहुना आला का त्याले मागच्या खोलीत बसवाचं." भाऊजींना ही व्याख्या इतकी आवडली की सोमवारी त्यांनी ती आपल्या साहेबांना जाऊन सांगितली.

तो गुण कापसात घालणं म्हणजे मात्र वर्षानुवर्षांचा खटाटोप. काचेच्या बरण्यांमधून कापसाच्या कोंबाचे नखाएवढे तुकडे वाढवायचे. बहुतेक तुकडे पांढरे पडून मरायचे, एखादा हिरवा राहायचा, आणि त्या हिरव्याचं झाड होईपर्यंत जीव टांगणीला. बरण्यांतलं अन्न ठरावीक दिवशी बदलावं लागे. भाऊजी त्या तुकड्यांना 'पोरं' म्हणत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपताच नवरदेवाच्या आधी निघून गेलेला पाहुणा म्हणजे हेच. "पोरांचं अन्न बदलायचं आहे," एवढंच ते माझ्या सासऱ्यांच्या कानात बोलले. ताई-भाऊजींना मूलबाळ नाही हे ठाऊक असलेले सासरे त्यानंतर वर्षभर माझ्याकडे संशयाने बघत होते.

आणि मीटर! पेनाएवढं एक यंत्र त्यांच्या शर्टाच्या खिशाला कायम लावलेलं असे. पाण्यात बुडवलं की किती खारं तो आकडा दिसतो. भाऊजी ते कशातही बुडवत. विहीर, हातपंप, तलाव, ते ठीक. पण लग्न झाल्यावर पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा त्यांनी आईच्या वरणात मीटर बुडवलं. आईने पदर सावरला आणि ताईला आत बोलावून विचारलं, "काऊन वो, जवाईबापूले माह्या हातच्या मिठावर भरोसा नाई का?" तिकडे भाऊजी आकडा पाहून आनंदाने सगळ्यांना सांगत होते, "हे वरण आमच्या विहिरीपेक्षा खारं आहे! अन् आपण वाटी वाटी पितो!" माझ्या लग्नाच्या व्हिडिओत ते निघून जाण्याआधी मठ्ठ्याच्या पिंपाशी ओणवे झालेले दिसतात. कॅमेरावाल्याला वाटलं काही पडलं असेल.

आमची विहीर, आमची विहीर, हे मात्र त्यांच्या तोंडी सारखं असे, आणि तिची गोष्ट समजली तेव्हा माझी थट्टा थोडी मंदावली. भाऊजींचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या काठचा तो मुलूख काळ्या कसदार मातीचा, पण जमिनीखालचं पाणी खारं. त्यांच्या वडिलांनी भरज्वानीत स्वतःच्या हाताने शेतात विहीर खणली होती. गावातले म्हणत होते, खणू नको, खारंच लागेल. ते म्हणाले, पाहू. दोन उन्हाळे खणत होते. पाणी भरपूर लागलं आणि खारं लागलं. त्या पाण्यावर लावलेलं कापसाचं रोप आठ-दहा पानांचं होईपर्यंत कडांनी जळत जाई. ती विहीर नंतर म्हशी धुण्याच्या कामी आली, आणि गावात कुणी काही बिनकामाचं केलं की लोक भाऊजींच्या वडिलांच्या विहिरीचं नाव काढत. शेतात गेले की वडील विहिरीकडे पाठ करून बसत, हे भाऊजींनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. माणूस शास्त्राकडे कशाकशाने वळतो ते सांगता येत नाही. भाऊजी बापाच्या पाठीकडे बघून वळले.

तर त्या कॅनमधलं पाणी त्या विहिरीचं होतं. प्रयोगशाळेत झाडांची परीक्षा बाजारच्या मिठाचं पाणी घालून होई. भाऊजींचं म्हणणं, खरी विहीर म्हणजे नुसतं मीठ नाही, तिच्यात आणखी बरंच काही असतं. झाड त्या पाण्यावर जगलं तर खरं. साहेब भला माणूस. ते म्हणाले, "प्रकल्पाचं शेवटचं वर्ष उरलंय. आधी मला दाखव की साधा कापूस तुझ्या विहिरीच्या पाण्यावर कधी आणि कसा मरतो. तो नीट मेला, तर आपल्या नव्या झाडांपैकी आठ तुझ्या पाण्यावर वाढवू. नाही मेला, तर विषय संपला." नव्या वाणाचं पानही संस्थेबाहेर न्यायला बंदी, पण साधा कापूस कुठेही मारायला परवानगी होती. भाऊजींनी तो मारण्यासाठी सासुरवाडी निवडली.

आमच्या परसात टिनाच्या छपराखाली तेलाचे अठरा रिकामे डबे मांडले गेले. बुडाला भोकं, आत त्यांच्या गावाहून पोत्यांतून आणलेली काळी माती. पहिल्या रांगेला आमच्या विहिरीचं गोडं पाणी, दुसरीला निम्मं-निम्मं, तिसरीला निव्वळ त्यांचं. ताईने आठवड्यातून ठरल्या वारी खूण केलेल्या तांब्याने पाणी घालायचं. ताई शाळामास्तरीण, तिने ते परीक्षेच्या पेपरसारखं चोख पाळलं. भाऊजी शनिवारी आले की बॅग ठेवायच्या आधी परसात जात आणि तिसऱ्या रांगेपुढे उकिडवे बसून पानं बघत. पानं हिरवीगार. पुढच्या शनिवारी आणखी हिरवी. महिना गेला, दीड गेला. तिन्ही रांगांत फरक म्हणून दिसेना. भाऊजी आधी चक्रावले, आणि मग एका सोमवारी जड हाताने साहेबांना लिहून देऊन आले की साधा कापूसही या पाण्यावर जगतो आहे. म्हणजे विषय संपला. त्या शनिवारी ते कॅनशिवाय आले. मी काही तरी विनोद केला, तो कुणी ऐकलाच नाही.

छडा लागला तो पोपटीच्या वेलामुळे. डब्यांपासून उताराच्या बाजूला कुंपणावर आईचा पोपटीच्या, म्हणजे वालाच्या जातीच्या शेंगांचा वेल होता. दरवर्षी आम्ही त्या शेंगा उकडून कंटाळेपर्यंत खातो. त्या वर्षी वेल कडांनी जळत चालला. आईने कीड म्हणून राख टाकली. रविवारी भाऊजी सहज त्या बाजूला गेले, एक पान हातात घेतलं आणि उभ्या जागी थिजले. जळालेली कड त्यांच्या चांगली ओळखीची होती. त्यांनी वेलाच्या बुडाची माती चिमटीत घेऊन जिभेला लावली. मग धावत डब्यांकडे गेले आणि डब्यांखाली साचलेल्या पाण्यात मीटर बुडवलं. जगातल्या प्रत्येक वाटीत मीटर बुडवणाऱ्या या माणसाने तेवढ्या एका ठिकाणी ते आजवर बुडवलं नव्हतं.

"माझं सगळं मीठ इथं वाहून आलं आहे," ते म्हणाले. "डब्यात कोण गोडं पाणी ओततं?"

ताईचा चेहरा उतरला. मी नाही म्हणून हात वर केले. आई भांडी घासत होती, ती उठली, हात धुतले आणि चोरी कबूल करावी तशी म्हणाली, "म्या घातलं जी. रोज सांजेले. त्या दुसऱ्या-तिसऱ्या लायनीतल्याइले."

"रोज?"

"मंग का करू? मुकं झाड हाये. तहानेनं माना टाकून राहिले होते, अन् तुमी त्याइले खारट पाजून राहिले. धानाच्या बांधीत पानी उभं असन तं रोप हासते, एवढं मले समजते. म्हून काठोकाठ भरत होते. रातभर मुरून जाये."

मला वाटलं आता जावई-सासूचं जन्माचं फाटलं. ताई डोळ्यांना पदर लावून उभी होती. भाऊजी मटकन ओट्यावर बसले, खिशातून वही काढली आणि विचारू लागले. किती घागरी? कोणत्या दिवसापासून? घागर कोणती, मोठी तांब्याची की लहान गुंडी? आई आधी भीत भीत आणि मग चक्क ऐटीत उत्तरं देऊ लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं कुणी तरी लिहून घेत होतं. सगळं लिहून झाल्यावर भाऊजी वही मिटून म्हणाले, "आई, तुम्ही केलं तेच खाऱ्या जमिनीचं औषध आहे. गोडं पाणी भरून ठेवायचं अन् मीठ खाली धुऊन काढायचं. पुस्तकात असंच लिहिलं आहे."

आईचा जीव भांड्यात पडला. "मंग तुमच्या गावचे लोक काऊन नाई करत?"

"गोडं पाणी कुठून आणू, आई?"

आमच्याकडच्या बाईला हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. आई तशीच आत गेली, जावयाला आवडतो तसा आलं घातलेला चहा करून आणला, आणि त्यांच्या हातात देताना म्हणाली, "पुन्हा लावा जी. यावेळी मी हात नाई लावत. कोनालेच लावू नाई देत."

सोमवारी भाऊजी साहेबांपुढे उभे राहिले. सासूचं नाव त्यांनी घेतलं नाही. "डब्याखालचं पाणी मी मोजलं नाही, चूक माझी," एवढंच सांगितलं. साहेब रागावले, पण म्हणाले, अजून वेळ आहे, एकदा करून बघ.

या दुसऱ्या खेपेला आईने जी राखण केली तशी तिने स्वतःच्या धानाचीही केली नसेल. कोंबड्यांना परस बंद. अवकाळी पावसाची तिरपी झड छपराखाली आली तर ही खाट उचलून डब्यांवर आडवी. आणि तिसऱ्या रांगेतलं झाड गेलं की ती चौकातल्या फोनच्या बूथवर जाऊन नागपूरला कळवायची. फोनवर ओरडून बोलावं लागतं अशी तिची समजूत. "जवाईबापू, आज दोन गेले जी! तिसरं बी उद्या-परवा जाते! नाई नाई, पानी नाई पाजलं म्या, शपथ!" बूथवाल्याने हे ऐकलं आणि संध्याकाळी आमच्या दारात चार शेजारणी तोंड पाडून येऊन बसल्या. त्यांना चहा पाजून परत पाठवताना ताईची पुरेवाट झाली. आईला मात्र खरंच वाईट वाटत होतं. सहा झाडं मेली, आणि सहाही वेळा ती नीट जेवली नाही.

साधा कापूस असा रीतसर मेला. साहेबांनी शब्द पाळला. नागपूरच्या काचघरात नव्या वाणाची आठ रोपं आणि शेजारी आठ साधी, सगळ्यांना विहिरीचं पाणी. त्यानंतरचे काही महिने भाऊजींनी मीटरसुद्धा कुठे बुडवलं नाही. शनिवारी येत, जेवत, कोणी विचारलं तर "पाहू," म्हणत. मग एका शनिवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोंड फुटलं. बाबांना दाखवायचं आहे. तू त्यांना आणशील?"

मी गेलो. ताईचे सासरे ऐंशीच्या घरातले, धोतर-टोपीतले, प्रवासात एक शब्द न बोलणारे. काचघरात बाहेरच्या माणसाला प्रवेश नव्हता. पोराने बापासाठी नियम वाकवला असता तर साहेबांनी काणाडोळा केला असता, इतका मला त्यांचा अंदाज होता. पण भाऊजींनी तो वाकवला नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. त्यांनी वडिलांना बाहेरून काचेपाशी नेलं. आत डावीकडच्या कुंड्यांत नुसत्या काटक्या होत्या. उजवीकडची झाडं हिरवी होती, पार ठेंगणीठुसकी, आमच्या आईने पाहिली असती तर नाक मुरडलं असतं. त्यातल्या एकावर एक बोंड फुटलेलं होतं.

म्हाताऱ्याने कपाळ काचेला लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पानी कोनतं हाय?"

"आपलंच, बाबा. विहिरीचं."

"निव्वळ?"

"निव्वळ. थेंबभर गोडं नाही."

ते पुन्हा पाहू लागले. मग काचेवरून हात फिरवला, बोंडावरून फिरवावा तसा, आणि पोराकडे न बघताच म्हणाले, "मंग इहीर वाया नाई गेली, लेका." भाऊजी खिशातलं मीटर काढून उगाच पुसत राहिले. मी पाण्याची बाटली आणतो म्हणून तिथून निघून गेलो, कारण मला रडू येत होतं आणि साळ्याने भाऊजींपुढे रडायचं म्हणजे आजवरच्या सगळ्या थट्टेवर पाणी.

हंगाम संपल्यावर नियमाप्रमाणे ती आठही झाडं, मुळं आणि सरकीसकट, भट्टीत गेली. भाऊजींनीच घातली. तो शनिवार मला आठवतो. आईने विचारलं, "एखांदं बोंड तरी आनाचं होतं जी, वात केली असती." भाऊजी म्हणाले, "आणता येत नाही, आई." ती म्हणाली, "बरं." प्रकल्पाची मुदत संपली, साहेबांची बदली झाली, आणि तो कापूस कुणाच्या शेतात पोचला असं काही मी ऐकलेलं नाही. भाऊजींना विचारलं तर ते म्हणतात, त्या वाणाचं आधीचं बी जपून ठेवलं आहे संस्थेत, थंड पेटीत. बस्स.

ताईच्या सासऱ्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटची काही वर्षं ते विहिरीकडे तोंड करून बसत, असं त्यांच्या गावचे लोक सांगतात. भाऊजी निवृत्त होऊन आमच्याकडेच राहायला आले आहेत आणि पूर्ण वेळचे घरजावई झाले आहेत. आमच्या माजघरात तांदळाच्या कणगीशेजारी त्या विहिरीच्या पाण्याचा एक कॅन अजून भरलेला आहे, सुतळीसकट. मी दोनदा तो ओतून टाकायला निघालो होतो, दोन्ही वेळा आईने अडवलं. "राहू दे गा, इवाईचं, तुह्या ताईच्या सासऱ्याचं पानी हाये ते." कधी तरी दुपारी सगळे झोपले आहेत असं समजून भाऊजी माजघरात जातात, सुतळी सोडतात, मीटर बुडवतात, आकडा बघतात आणि पुन्हा नीट बांधून ठेवतात. मी एकदा विचारलं, काय म्हणतं पाणी? "होतं तेवढंच आहे," ते म्हणाले, आणि मीटर धोतराच्या सोग्याला पुसलं. ते हल्ली धोतर नेसतात. वडिलांचंच आहे.